मोरीचं पाणी

"साबण होता काय त्यात?" माईंनी विचारलं, आणि मी "नाही" म्हणून मोकळी झाले.

त्याला आता तीन आठवडे होतील. मधल्या काळात आम्ही नवरा-बायको, ज्या व्हॅनमध्ये राहतो-रांधतो ती घेऊन, पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोवा उभा हिंडलो, गॅसचं एक सिलिंडर संपवून दुसरं लावलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोनदा जाऊन आलो. पण रात्री जेवणं आटोपून भांडी पुढ्यात ओढली की तो प्रश्न येतोच. माई भांडल्या असत्या, चारचौघांत बोलल्या असत्या, तर मी दोन दिवस धुसफुसून विसरून गेले असते. त्या "मग बरं" एवढंच म्हणाल्या आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वळल्या. तो विश्वास मला पचलेला नाही.

झालं ते असं. फोंडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही अंधार पडल्यावर पोचलो. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेली कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा. पोफळी दिसत नव्हत्या, पण त्यांच्याखालचा तो ओला, गार, जरासा आंबूस वास खिडकीतून आत येत होता. एका दुकानदाराला विचारून त्याच्या दुकानाशेजारी गाडी लावली. जेवणं झाली आणि सिंकमधलं पाणी खाली उतरेना. सांडपाण्याची टाकी गच्च भरली होती. चाळीस लिटरची ही टाकी आम्ही एरवी पेट्रोल पंपाच्या संडासात नाहीतर एखाद्या लॉजवाल्याला विचारून त्याच्या मोरीत रिकामी करतो. त्या दिवशी ते जमलं नव्हतं आणि दोघंही दमलो होतो. बॅटरीच्या उजेडात रस्त्याकडेला दगडांनी बांधलेली वीतभर रुंदीची नाली दिसली. मी तिला गटार समजले आणि टाकीचं टोपण फिरवलं. चार दिवसांचं पाणी होतं ते. पिठल्याची कढई घासलेलं, तेलकट ताटल्यांचं, हिरव्या वडीच्या साबणाचं. भसाभसा वाहून गेलं आणि मला हलकं वाटलं.

सकाळी पोदेराच्या भोंग्यानं जाग आली. पाव घ्यायला म्हणून दार उघडलं तर त्या नालीपाशी एक म्हातारी बाई उभ्या होत्या. डोक्याला फडकं, हातात कोयता. वाकून त्यांनी दोन बोटं पाण्यात बुडवली आणि अंगठ्यावर चोळून पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आधी कोकणीत काहीतरी बोलल्या, मला कळलं नाही असं दिसल्यावर मराठीत आल्या. "हे पाणी तुम्ही सोडलंत? हे गटार नव्हे. पाट आहे हा. वर झर आहे, तिचं पाणी कुळागराला जातं. मधे तळी आहे, तिथं गुरं पाणी पितात." मी नुसती उभी. आणि मग तो प्रश्न. मी म्हटलं, "नाही हो, भाज्या धुतलेलं पाणी होतं."

पंचावन्न वर्षांची बाई मी. शाळेत डबा सांडल्यावर पोरं जशी घाईघाईनं खोटं बोलतात, तशी बोलले.

त्यांचं मराठी ऐकून मला नवल वाटलं होतं. जरा पुस्तकी, क्रियापदं नीट पूर्ण करणारं, कीर्तनातल्यासारखं. नंतर कळलं, १९६१ साली पोर्तुगीज गेले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. पुढं गावात मराठी शाळा निघाली आणि चार इयत्ता त्या शिकल्या. त्या पिढीतली कितीतरी माणसं इथं अशी भेटतात. घरात, शेतात कोकणी आणि पोथी, भजन, वर्तमानपत्र मराठी. "तुम्ही आमच्या शाळेच्या भाषेतल्या," असं त्या मला म्हणाल्या. शाळेच्या भाषेतच मी त्यांच्याशी खोटं बोलले होते. दुकानदार त्यांना माई म्हणत होता, म्हणून मीही माई म्हणू लागले. "शिवराक काय तुम्ही?" त्यांनी विचारलं, म्हणजे शाकाहारी का. मी हो म्हटल्यावर त्या खाली उतरून गेल्या आणि अर्ध्या तासानं पिशवी घेऊन आल्या. अर्धा नीरफणस, चार कच्ची केळी, सुरणाचा तुकडा, शेवग्याच्या शेंगा, एक नारळ, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मूठभर तिरफळं. घरून एका स्टीलच्या डब्यात मिसकूट, म्हणजे कैरीचं लोणचंही घालून आणलं होतं. पैसे विचारायची मला हिंमत झाली नाही. "जाताना डबा टाकून जा," एवढं म्हणाल्या, आणि पाटाच्या कडेकडेनं खाली गेल्या. मी बघत होते. दर चार पावलांवर थांबून त्या पाण्यात बघत होत्या.

ही गाडी घेऊन आम्ही सांगलीहून निघालो त्याला पाच महिने झाले. नवऱ्यानं नोकरी संपल्यावर जुनी व्हॅन घेतली, आतल्या सीटा काढल्या, पलंग बसवला, आणि मागच्या दाराशी मला दोन फूट बाय साडेतीन फुटांचा ओटा करून दिला. पाठीमागचं दार वर उचललं की डोक्यावर छप्पर होतं आणि मी जमिनीवर उभी राहून स्वयंपाक करते. आत बसून करायचा झाला तर दार उघडं ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा नियम नवऱ्यानं पहिल्याच दिवशी घातला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली जमिनीशी साचून राहतो. म्हणून आमच्या सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी दोन भोकं आहेत आणि गळती हुंगणारं यंत्र ओट्यावर नाही, पायापाशी बसवलंय. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं घरात गॅस वापरला, पण तो वर जातो की खाली हा विचार मनात आला नाही. गाडीत आल्यावर अशा कितीतरी गोष्टी पहिल्यांदा कळल्या. पाण्याचं मात्र उशिरा कळलं.

गाडीतल्या स्वयंपाकाबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं की अडचण चुलीची असेल किंवा जागेची. चूल सोपी आहे. पाच किलोचं छोटं सिलिंडर आम्हा दोघांना महिनाभर पुरतं, कारण आईची एक युक्ती मी इकडं आणली. डाळ-तांदूळ भिजवून घ्यायचे, कुकरची एक शिट्टी काढायची आणि कुकर गोधडीत घट्ट गुंडाळून ठेवून द्यायचा. पुढचं काम कोंडलेली ऊब करते. इथला उकडा तांदूळ फार वेळ खातो, त्याला तर ही गोधडी वरदानच. दिवाडी बेटावर एका सकाळी मी मुगाची खिचडी एक शिट्टी काढून गोधडीत बांधली आणि आम्ही नार्व्याच्या फेरीत चढलो. फेरी नदीच्या मधोमध आल्यावर इंजिनच्या धडधडीत गोधडीतून हिंगाचा वास येऊ लागला, तसा शेजारचा स्कूटरवाला माझ्याकडे बघून हसला. पलीकडं सप्तकोटीश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं. देव मुळात दिवाडीचाच, संकटात नदी ओलांडून नार्व्याला आणून ठेवलेला. दर्शन घेऊन देवळाच्या वाटेवरच्या झाडाखाली बसलो आणि गोधडी सोडली. दाणा न् दाणा शिजला होता. त्या नदीवरून देव गेला तसं आपलं अन्नही गेलं, असं मनात आलं आणि उगीच डोळे भरून आले.

विजेवरची शेगडी आहे, पण गोव्यात ती मी फारशी लावत नाही. छतावरच्या पॅनलला ऊन लागतं, आणि इथं ऊन टाळण्यासाठीच तर आपण माडाखाली गाडी लावतो. दमटपणाशी मात्र रोज झुंज आहे. मीठ ओलं होतं, पोहे लोळागोळा, पापड भाजला तरी दहा मिनिटांत माना टाकतो. मेतकुटाचे खडे झाले. खवलेला नारळ सकाळी खवला तर दुपारी वास मारतो. पण याच हवेत मूग एका रात्रीत असे टरारून मोड काढतात की बघत राहावं. सांगलीत थंडीत त्याला दोन दिवस लागायचे. इथं रात्री फडक्यात बांधून खिडकीच्या दांडीला टांगले की सकाळी बोटभर शेपट्या. एका पेडण्याच्या बाईंनी मला मुगागाठी शिकवली तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती होते. नारळ, धणे, जराशी मिरची, चिमूटभर गूळ, आणि सोबत पोदेराची पोई. आपल्याकडे पोळी म्हटलं की जे डोळ्यापुढं येतं ते नव्हे. कोंड्याची, आतून पोकळ, हातात धरल्यावर जरा खरखरीत लागणारी. गोव्यात शाकाहारी माणसाचे हाल होतात असं येताना चार जणांनी सांगितलं होतं. त्यांनी इथलं सोमवारचं जेवण पाहिलेलं नसणार. मासे खाणारी माणसं ज्या दिवशी मासे खात नाहीत, त्या दिवशी जे रांधतात त्याला शिवराक म्हणतात, आणि त्यात नारळाचा, आमसुलाचा, तिरफळाचा जो विचार आहे, तो मला आमच्या बारा महिने शाकाहारी असलेल्या घरातही दिसला नाही. हे मी मनापासून सांगते.

अडचण पाण्याची आहे. सत्तर लिटर चांगलं पाणी घेऊन आम्ही निघतो. पिण्याला, चुलीला, भांड्याला मिळून चार-पाच दिवस जातात, अंघोळ दुसरीकडे. पहिल्या महिन्यातच माझ्या स्वयंपाकाचं रूप बदललं आणि ते कशानं बदललं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ज्या पदार्थाचं पाणी ओतून टाकावं लागतं, ते हळूहळू बंद झाले. शेवया उकडून निथळणं बंद. वेळून केलेला भात बंद. राहिलं काय, तर पिठलं, खिचडी, आमटी, कुळथाचं पीठ लावून केलेलं पिठलं, भाजणीचं थालीपीठ. म्हणजे ज्यात पाणी घातलं की ते आतच राहतं, आणि पोटात जातं. इथं येऊन उकड्या तांदळाची पेज खाल्ली तेव्हा वाटलं, या अन्नानं पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही असं ठरवलेलंच आहे. तांदूळ आणि त्याचं पाणी, दोन्ही एकाच वाटीत. वर मिसकुटातली कैरीची फोड. उन्हाच्या तापात सकाळी दहा-अकराला ती पेज प्यायची आणि कामाला लागायचं, असं इथली कष्टकरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. साधं जेवण, साधं जेवण म्हणून आम्ही मिरवत होतो, त्यातलं साधेपण नेमकं कुठं असतं ते मला त्या वाटीत दिसलं.

पण भांडी उरतातच. आणि त्यांचं पाणी.

आमच्या सांगलीच्या जुन्या घरात मोरीला एक भोक होतं. त्या भोकातून पाणी भिंतीपलीकडं परसात जायचं, आणि तिथं अळू होतं. अळवाच्या पुढं कर्दळ, कर्दळीच्या पुढं दोन केळी. आई तांदूळ धुतलेलं पाणी तिथं सोडायची नाही, ते तुळशीला आणि जास्वंदीला. भांड्यांचं पाणी अळवाला. डाळीच्या पिठानं नाहीतर राखेनं ताट घासलेलं, नारळाच्या सोडणाच्या चोथ्यानं कढई घासलेली. आणि धुण्याचं, सोड्याचं पाणी वेगळ्या पन्हळीनं बाहेरच्या गटाराला. हे कुणी नियम म्हणून लिहून ठेवलं नव्हतं. मी सहा वर्षांची असताना एकदा कपड्यांच्या साबणाची बादली मोरीत ओतली, तर आईनं काही न बोलता मला हाताला धरून मागं नेलं आणि अळवाची पानं दाखवली. काही झालं नव्हतं त्यांना. हिरवीगार होती. पण आईनं त्या पानांवरून असा हात फिरवला, की मला रडू आलं. त्या पानांची वडी त्या आठवड्यात घरात झाली नाही.

लग्नानंतर फ्लॅटमध्ये आले. तिथं सिंकला जाळी होती आणि जाळीखाली पाइप. पाणी जाळीतून गेलं की गेलं. तीस वर्षांत ते कुठं जातं हे मी एकदाही विचारलं नाही. कसं विचारणार, तो प्रश्न पडायला भिंतीपलीकडं अळू लागतं. गाडीत आले तशी ती टाकी आली, चाळीस लिटरची, आपलं घाण पाणी आपल्याच पायाखाली घेऊन फिरायचं. उन्हात ती वास मारते. चढावर डुचमळते. मला ती टाकी मनापासून नकोशी होती. त्या रात्री टोपण फिरवताना जे हलकं वाटलं, ते या नकोसेपणातून सुटल्याचं होतं. आईच्या अळवापासून मी किती लांब आले होते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी, माईंची ओली बोटं बघताना कळलं. आईनं पानांवरून हात फिरवला होता अगदी तशी त्यांची बोटं अंगठ्यावर फिरत होती.

यात मला जास्त लागलं ते वेगळंच. गोव्यात आल्यापासून किनाऱ्यांवर मी जे बघत होते, त्यानं माझा संताप व्हायचा. बसमधून पन्नास-साठ जणांचा जथा उतरतो, सुरूच्या झाडांखाली मोठी शेगडी लागते, पातेलं चढतं. जेवणं झाल्यावर उरलेलं तेल वाळूत, भाताची खरवड वाळूत, प्लास्टिकच्या ताटल्या जिथल्या तिथं. २०१९ साली इथल्या सरकारनं कायद्यात दुरुस्ती करून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू पिणं यांवर दंड बसवला, एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये. मला ते वाचून बरं वाटलं होतं. एकदा केरीच्या किनाऱ्याजवळ गाडी लावली असताना गावातला एक तरुण मुलगा येऊन म्हणाला, "हांगा रांदूं नाकात." इथं रांधू नका. मी त्याला गाडी आतून दाखवली, सिंक दाखवलं, टाकी दाखवली. "बघ, आमचा एक थेंब बाहेर पडत नाही," असं मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो लाजला, सॉरी म्हणाला आणि गेला. त्या मुलाचा लाजलेला चेहरा मला आता आठवतो. त्यानं विचारलं ते बरोबर होतं. ज्याचं गाव आहे त्यानं विचारायचंच असतं. मी त्याला टाकी दाखवली, पण ती टाकी कुठं रिकामी होते हे सांगितलं नाही, आणि त्यानंतर आठ दिवसांतच मी ती माईंच्या पाटात सोडली.

माईंनी दिलेल्या भाज्यांचं खतखतं मी दुसऱ्या दिवशी केलं. खतखतं कसं करायचं ते त्यांनीच पिशवी देताना उभ्या उभ्या सांगितलं होतं. कांदा नाही, लसूण नाही. भाज्या जितक्या जास्त तितकं चांगलं, पाच असल्या तरी चालतील. तुरीची डाळ आधी शिजवून घ्यायची. सुरण खाजरा असतो, त्याला आमसुलाच्या पाण्यातून काढायचं. नारळ, हळद आणि सुकी लाल मिरची बारीक वाटायची. "तिरफळातली काळी बी काढून टाका, चव वरच्या सालात. ठेचून पाण्यात घाला आणि शेवटी ओता, मग फार उकळू नका," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी गाडीच्या मागच्या दाराशी बसून एकेक तिरफळ उकललं. मिरीएवढं, सुकून उललेलं, आत काळी चकचकीत बी. साल जिभेवर ठेवून पाहिलं तर आधी लिंबासारखा वास, मग जिभेला झिणझिण्या, मग तेवढा भाग बधिर. ती बधिरता बराच वेळ टिकली. नीरफणस चिरताना हाताला चीक लागला, कच्च्या केळ्यांनी बोटं काळी केली. शेंगांचे तुकडे, सुरणाचे तुकडे, सगळं एका पातेल्यात, डाळीच्या पाण्यात. वाटण पडलं तसा पिवळा रंग चढत गेला. शेवटी आमसूल, गुळाचा खडा आणि ते तिरफळाचं पाणी. झाकण ठेवलं. झाकणाच्या फटीतून आलेल्या वासानं रस्त्यानं जाणारी शाळेतली मुलगी थांबली आणि "खतखतें!" असं मैत्रिणीला म्हणाली.

नवरा तीन वाट्या जेवला. मी एक. चव अशी होती की गोड, आंबट, तिखट यातलं काही पुढं येत नाही, सगळी एकमेकांना धरून असतात, आणि गिळून झाल्यावर तिरफळ मागं रेंगाळतं. इतकं चांगलं काही मी या गाडीत रांधलं नव्हतं. आणि प्रत्येक घासाला मला पाटाच्या कडेनं उतरत जाणाऱ्या माई दिसत होत्या. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, एकदाच झालं. वाहतं पाणी आहे, निघून गेलं असेल." त्याचं खरंही असेल. मलाही तेच हवं होतं ऐकायला. पण "निघून गेलं असेल" हे शब्द मी फ्लॅटच्या सिंकपाशी तीस वर्षं जगले होते.

त्या दिवसापासून साबणाची वडी डब्यात बंद आहे. आधी ताटली पोईच्या तुकड्यानं पुसून तो तुकडा खायचा. मग चमचाभर डाळीचं पीठ टाकून हातानं चोळायची, तेल पिठात येतं. कढईला नारळाच्या सोडणाचा चोथा. मग वाटीभर पाण्यात विसळणं, आधी पेले, मग ताटल्या, शेवटी कढई, तेच पाणी पुढं पुढं नेत. दोघांच्या भांड्यांना आता दिवसाला तीन लिटर पुरतात. दिवसाअखेरी जे उरतं ते पिठूळ, पिवळट पाणी असतं, आणि ते मी कुणाला तरी विचारूनच केळीच्या नाहीतर माडाच्या बुंध्याशी ओतते. विचारताना आधी जीभ अडखळायची. आता लोक नीट जागा दाखवतात. एका बाईंनी सांगितलं, "इथं नको, तिथं घाल, तिथं अळू आहे."

पण डबा राहिला होता. जाताना टाकून जा, असं माई म्हणाल्या होत्या, आणि आम्ही त्या दिवशी तसेच निघालो होतो. मी मुद्दामच थांबले नाही. रिकामा डबा परत करू नये ही आपली रीत, त्यात काय घालावं याचा तीन आठवडे विचार केला. काल म्हापशाहून ताजे शेंगदाणे आणि गूळ आणला, गोधडीच्या घडीवर बसून लाडू वळले, आणि आज सकाळी गाडी पुन्हा त्या रस्त्याला लावली.

माई घरी नव्हत्या. देवळात पालखीची तयारी होती, तिकडं गेल्या होत्या. सुनेनं दारातच ओळखलं, "गाडीतल्या बाई ना तुम्ही?" आत बोलावलं, चहा टाकला. मी डबा दिला. लाडू बघून ती हसली. मग मी तिला सांगितलं. साबण होता, मी खोटं बोलले. सलग बोलले, न थांबता, कपातल्या चहाकडे बघत. ती गप्प बसली. चुलीकडं गेली, परत आली. तिला माझ्यासाठी अवघडल्यासारखं झालं होतं, ते दिसत होतं. मग म्हणाली, "साबण आम्हीपण वापरतो हो. पण ते पाणी पाटात जात नाही. या, दाखवते." मागच्या दारी भांडी घासायचा दगड होता, त्याच्या उताराला एक छोटी चर, आणि चर संपते तिथं पाच-सहा केळी, एकीला घड लागलेला. पाट त्याच्या वरून, चांगला हातभर उंचीवरून, वेगळा जात होता. दोन पाण्यांची कुठं गाठ पडत नव्हती.

मी कप तिथंच विसळला. पाणी दगडावरून चरीत गेलं, चरीतून केळीच्या आळ्यात, आणि लाल मातीत दिसेनासं झालं.

"सासूबाईंना मी सांगू का?" सुनेनं विचारलं. मी म्हटलं, "नको, मीच सांगते. कधी येतील?" "तीन्हीसांजेला." मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं सुरू केलेलं इंजिन बंद केलं, काही विचारलं नाही. सूनबाईंनी विळी आणि नारळ माझ्यापुढं सरकवला, संध्याकाळी घरात पाहुणे आहेत म्हणाल्या. मी पडवीत बसून नारळ खवते आहे. पाटाचा आवाज इथून ऐकू येतो.